तीन नंबरची सीट

१

आमच्या दुकानावर 'शैलेश हेड वर्क्स' अशी पाटी आहे. शैलेश म्हणजे माझा नवरा, आणि हेड वर्क्स म्हणजे मी. आधी तो काम करायचा आणि मी डबा आणायची. मग त्याची कंबर गेली. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलं, आणि आमच्या धंद्यात वाकल्याशिवाय काही होत नाही. तेव्हापासून तो काउंटरवर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो आणि मी वाकते. पाटी बदलू म्हटलं की म्हणतो, "अगं, रंगाऱ्याला सवड नाही." पनवेलला एक वेळ विमानतळ येईल, पण त्या पाटीवर नीता हे नाव काही येत नाही.

काम तसं साधं आहे, आणि तसं मुळीच साधं नाही. इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड. त्यात व्हॉल्व उघडझाप करत असतात. व्हॉल्व जिथे टेकतो ती लोखंडी कडी म्हणजे सीट. तो असा टेकला पाहिजे की मधून हवासुद्धा जाता कामा नये. गेली, की इंजिनाचा दम गेला. रस्त्यावर दम गेला तर ट्रक बाजूला घेऊन बिडी ओढत बसता येतं. समुद्रात बोट कुठे बाजूला घेणार?

म्हणून मी व्हॉल्वला पेस्ट लावते, रबरी टोकाची काठी त्यावर चिकटवते, आणि ताक घुसळावं तशी ती दोन्ही तळव्यांत फिरवत बसते. मग पुसायचं, व्हॉल्वला निळा रंग लावायचा, सीटवर टेकवून जरासा फिरवायचा आणि उचलायचा. सीटवर निळं कडं उमटतं. अखंड उमटलं तर जमलं. कुठे तुटलं असेल तर तिथे फट आहे, पुन्हा घासा. माझी बोटं बारा महिने निळी असतात. पहिल्यांदा भेटणारा माणूस हळूच विचारतो, "ताई, काही आजार?"

आणखी एक. आमच्याकडे जुना माल गिऱ्हाइकाला परत मिळतो. काढलेली सीट, व्हॉल्व, जे काही असेल ते पेपरात गुंडाळून त्याच्या हातात. नवीन टाकलंय की नुसतंच पुसून दिलंय, हा संशय नको. हा नियम माझा, आणि तो मात्र पाटीवर ठळक अक्षरात आहे.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि उरण-करंज्याची इंजिनं आमच्याकडे येतात. त्या वर्षी ठमाबाई कोळीण तिच्या बोटीचं हेड घेऊन आली. बरोबर मुलगा, मिथुन. केसांना जेल, मोबाईलवर गाणी, दिवाळीनंतर लग्न ठरलेलं. इंजिन तोच चालवायचा.

"बाय नीते," ठमाबाई म्हणाली, "ह्यो हेड नीट बगून दे. मना पोरगा एकच हाय."

"काळजी करू नको," मी म्हटलं. "माझ्याकडून गेलेलं हेड परत आलेलं नाही."

"म्हनून तर तुज्याकडं आयलू. करंज्यात सगली सांगतात, नीताबायचा काम डोले मिटून घ्यावा."

मला काय, कोणी स्तुती केली की मी फुगते. मी तिला चहा पाजला.

२

पहिल्या दोन सिलिंडरच्या सीटा तासाभरात जमल्या. तीन नंबरच्या सीटनं मात्र माझा जीव काढला.

कडं उमटलं, पण एका जागी तुटलेलं. नखाएवढी फट. घासलं. पुन्हा फट. कटर मारून सीटची धार नवी केली, घासलं, निळं लावलं, उचललं. फट तिथेच. मिथुन शेजारी स्टुलावर बसून त्याच्या होणाऱ्या बायकोला, समृद्धीला, फोनवर गाणी ऐकवत होता. मासेमारी बंद असली की ह्या पोरांना दिवस खायला उठतो. रोज सकाळी तो यायचा आणि "वयनी, आमचा हेड कवा होनार?" म्हणत तिथेच ठाण मांडायचा.

"तू गेलास की होणार," मी म्हटलं. तो हसला आणि गेला नाही.

दुपारी शैलेशला डबा खायला जागा हवी होती. त्यानं माझं टेबल म्हणजे स्वतःचं ताट समजून हेड उलट फिरवून ठेवलं, इकडची बाजू तिकडे. मी ओरडले, तो म्हणाला कंबर दुखतेय, मी गप्प बसले. हे आमचं रोजचंच. जेवण झाल्यावर मी सीट पुसली, पुन्हा निळं लावून व्हॉल्व टेकवला, उचलला. फट स्टुलाच्या बाजूला.

मी व्हॉल्व खाली ठेवला. सकाळीही फट स्टुलाच्याच बाजूला होती. हेड फिरलं, तर फटही हेडबरोबर फिरून भिंतीकडे जायला हवी ना? चपाती करपली आणि ताट फिरवलं, तर करपलेली बाजू काय तव्याकडेच तोंड करून राहते?

मी म्हटलं, नीते, व्हॉल्व वाकडा असेल. दुसरा व्हॉल्व घातला. फट स्टुलाच्या बाजूला. मी म्हटलं, रंग जाड लागला असेल. बोटानं पातळ केला. तरी तेच. मी म्हटलं, चाळिशी झाली, डोळे तपासून घे. शैलेशला बोलावलं.

"काय दिसतंय?"

"निळं कडं."

"कुठे तुटलंय?"

"इकडे. मिथुनकडे."

"सकाळी कुठे होतं?"

"मला काय माहीत? मी सकाळी पेपर वाचत होतो."

संध्याकाळी मिथुन उरणच्या बशीत बसून गेला. मी दुकान बंद करण्याआधी एकदा, उगाच, पुन्हा निळं लावून बघितलं. फट स्टुलाच्या बाजूला नव्हती. ती मागच्या भिंतीकडे होती. मागच्या भिंतीपलीकडे गटार, गटारापलीकडे गाढी नदी, आणि तिच्यापलीकडे सरळ रेषेत उरण. टेबलाला उतार असेल, मी स्वतःला सांगितलं, आणि कुलूप लावून ते दोनदा ओढून बघितलं.

३

शेजारी झकेरियाभाईंचं बॅटरीचं दुकान आहे. कुवेतला जहाजांच्या वर्कशॉपात अर्धं आयुष्य घालवून आलेला माणूस. जगात प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि ते झकेरियाभाईंना माहीत असतं. सकाळी मी त्यांना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले.

"भाबी, टेबल वाकडं हाय तुमचं. एवढंच."

त्यांनी पाणसळ आणून टेबलावर ठेवली. बुडबुडा मधोमध. मग त्यांनी ती आडवी ठेवली, उभी ठेवली, फुंकून ठेवली. बुडबुडा काही मधून हलला नाही.

"मग लोहचुंबक असेल," ते म्हणाले.

"कुठे?"

"कुठेतरी."

तेवढ्यात मिथुन आला आणि स्टुलावर बसला. मी निळं लावलं. फट स्टुलाकडे. झकेरियाभाईंनी चष्मा पुसला. त्या क्षणी माझ्या डोक्यात जे आलं ते येऊ नये म्हणून मी मोठ्यांदा बोलले.

"मिथुन, जा रे, चहा घेऊन ये."

चहावाला उजवीकडे. तो गेला, मी व्हॉल्व टेकवला, उचलला. फट उजवीकडे.

"आता समोरून बिस्किटं आण."

तो रस्ता ओलांडून गेला. फट रस्त्याकडे.

"आता डावीकडच्या गादीवरून पान आण."

"वयनी, मी पान नाय खात."

"शैलेशदादा खातो. जा."

फट डावीकडे. तो पान घेऊन परत आला, तेव्हा झकेरियाभाईंनीच त्याला कोपऱ्यावरून भजी आणायला पिटाळलं. मग पेपर. मग उगाचच, "बघून ये रे, पाऊस कुठवर आलाय." मिथुनला भारी गंमत वाटत होती. "वयनी, आज काय बारसा हाय काय तुमच्याकडं?" टेबलावर चहा, बिस्किटं, भजी, सगळं मांडलेलं, आणि आम्ही दोघं त्या हेडवर वाकून असे उभे, की शैलेशनं काउंटरवरून विचारलं, "कोण गेलं?"

दर वेळी ती फट त्या पोराच्या मागे गेली. दर वेळी.

झकेरियाभाईंनी पाणसळ उचलली.

"भाबी," ते हळू म्हणाले, "मी काय बघितलं नाय. तुम्ही पण काय बघितलं नाय. अल्ला खैर करो." आणि त्या दिवशी ते अजानच्या बऱ्याच आधी मशिदीत जाऊन बसले.

मी भजी खाल्ली. भीती वाटली की मला भूक लागते. पण घास गिळताना मनात एकच होतं. हे पोर ह्या इंजिनाशेजारी, चारी बाजूंनी पाणी, असं आठ आठ दिवस बसणार आहे. आणि ह्या इंजिनातलं काहीतरी त्याच्याकडे तोंड उघडं ठेवून आहे.

४

सीट बदलायची ठरवली. आत वेल्डिंगचा एक फेर मारला की जुनी सीट आकसते आणि सुटून येते. मग हेड शेगडीवर तापवायचं, नवीन सीट बर्फात गार करायची, आणि ठोकून बसवायची. बर्फ मासळी बाजारातून आणला, त्यामुळे दुकानाला बोंबलाचा वास. शैलेश नाकाला रुमाल लावून म्हणाला, "अगं, फुकटची नवी सीट कशाला? घासून दे की." मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं पेपर उघडला.

जुनी सीट निघाली. हातात घेतली. साधी लोखंडाची कडी, बांगडीपेक्षा लहान. तिला फट नाही, चीर नाही, काही नाही. इतक्या गार दिवसात, वेल्डिंग होऊन निवलेली ती कडी मला ओली लागली. मी ती चिमट्यानं उचलून एका डालड्याच्या डब्यात टाकली, वर रॉकेल ओतलं, आणि डबा फळीवर ठेवला. भंगारवाला आला की सगळ्यात आधी हाच डबा द्यायचा.

नवीन सीट बसली. घासली, निळं लावलं. अखंड कडं! मिथुनला उजवीकडे उभा केला, डावीकडे उभा केला, टेबलाखाली बसवला. दर वेळी अखंड कडं. मी त्या पोराचा गालगुच्चा घेतला. निळ्या बोटांनी. "आये गं, वयनी, फेशियल केलाय मी," तो ओरडला.

खरं सांगते, मला रडू आलं. इतकं बरं वाटलं.

संध्याकाळी त्यानं हेड टेम्पोत चढवलं. मी फळीजवळ उभी होते. डब्यात सहज नजर गेली. रॉकेल एका बाजूला चढलं होतं. डबा सरळ होता, फळी सरळ होती, आणि रॉकेल डब्याच्या रस्त्याकडच्या काठाला बोटभर वर चढून थांबलं होतं. कोणीतरी डबा तिरका धरलाय असं.

बाहेर टेम्पो सुरू झाला. मागे आला, वळला, आणि उरण नाक्याकडे निघाला. रॉकेलचा तो चढ डब्याच्या काठाकाठानं सरकत गेला. सावकाश. खिडकीत बसलेलं माणूस जाणाऱ्याकडे मान वळवत जातं तसा.

मी झाकण लावलं, त्यावर ऐरण ठेवली, आणि शैलेशला म्हटलं, "घरी चल. आत्ता."

५

नारळी पौर्णिमेच्या दिवशी सकाळी भंगारवाला आला. मी ऐरण बाजूला केली आणि झाकण उघडलं. डब्यात रॉकेल होतं. सपाट, शहाण्यासारखं. कडी नव्हती.

"शैलेश!"

"काय गं?"

"डब्यातली सीट कुठाय?"

"मिथुनला दिली. परवा लग्नाचं सांगायला आला होता ना, तू बाजारात गेली होतीस तेव्हा." आणि वर ऐटीत, "जुना माल गिऱ्हाइकाला परत. नियम आहे आपला. तूच लिहून घेतलाय."

"ऐरण कोणी उचलली?"

"मिथुननं. माझी कंबर..."

त्याच्या कंबरेचं मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग बाहेर जाऊन झकेरियाभाईंना हाक मारली. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि छोट्या हत्तीची किल्ली काढली. बॅटऱ्या पोचवायचा टेम्पो तो. पुढे दोघांची जागा, आम्ही तिघं. शैलेशला ठेवून जायचं होतं, पण तो म्हणाला, "दिली मी, तर परत मागायला पण मीच येणार." कधी कधी हा माणूस बरा वागतो.

गव्हाण फाट्यापुढे कंटेनरच्या ट्रेलरांची रांग. झकेरियाभाई हॉर्न वाजवत होते, शैलेश कण्हत होता, आणि मी त्या दोघांच्या मध्ये गिअरचा दांडा मांडीत घेऊन बसले होते.

"भाबी, हेड तर नवीन सीटनं चालतंय. कडी नुसती लोखंडाची. त्यात काय?"

"त्यात काही नाही ना? मग तुम्ही एवढ्या जोरात का हाकताय?"

त्यांनी पुन्हा हॉर्न दाबला. द्रोणागिरी मागे पडलं. मला आता हसू येत होतं. चाळिशी उलटलेली बाई, एका गंजक्या कडीसाठी सणासुदीला नवरा आणि शेजारी घेऊन पळतेय. लोक काय म्हणतील? पण ठमाबाईचं "पोरगा एकच हाय" कानातून जात नव्हतं. काळजी करू नको असं तिला मीच सांगितलं होतं.

६

करंज्याच्या धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. बोटींना पताका, हार, बायका नऊवारीत, बेंजो, वाजवणारे घामाघूम. नारळ देऊन झाले होते आणि भरती लागली होती. पुढच्या बोटी सुटायला लागल्या होत्या. ठमाबाईची बोट दोर सोडण्याच्या बेतात, इंजिन चालू. मी आधी इंजिन ऐकलं, सवयच आहे. एकदम झकास चाललं होतं. तीनही सिलिंडर एका सुरात.

मी साडी वर खोचून फळीवरून बोटीत चढले. मिथुन उघड्या अंगानं, गळ्यात झेंडूचा हार.

"वयनी! तुमी पन आल्यात?"

"सीट कुठाय?"

"कंची?"

"जुनी. शैलेशदादानं दिली ती."

"ती होय!" त्यानं हार बाजूला केला. काळ्या दोऱ्यात ओवून, घासून चांदीसारखी चकचकीत केलेली ती कडी त्याच्या छातीवर होती. "मस्त ना? आमच्या बोटीच्या इंजिनाची जुनी निशानी हाय. समृद्धी बोलली, लॉकेट कर."

मी दोरा धरून हिसका दिला. कडी हातात आली. सुटताना तिनं बारीक आवाज केला, आपण रबरी टोक काचेवरून ओढून काढतो तसा.

आणि त्याच्या छातीवर निळं कडं होतं.

मी ती कडी रॉकेलनं धुतलेली. रंगाचा ठिपका तिच्यावर राहिला नव्हता. पण ते कडं होतं, आणि इतकी वर्षं मी दुसरं काही बघितलेलं नाही, मला बघताक्षणी कळलं. वर, खाली, दोन्ही बाजूंनी, पूर्ण. कुठे म्हणजे कुठेच तुटलेलं नव्हतं. माझ्या कुठल्याही व्हॉल्वशी ह्या सीटचं असं जमलं नव्हतं.

"आज जाऊ नकोस," मी म्हटलं.

"तुमाला भांग दिली काय कोनी?" तो हसला. "भरती चाललीय, वयनी. उतरा खाली."

खलाशी हसत होते. कोणीतरी दोराला हात घातला. मी काय सांगणार होते? सीट तुझ्याकडे बघत होती म्हणून सांगू? त्या दोराची एक गाठ सुटली, आणि मी माशांच्या पेटाऱ्यावर चढून जिवाच्या आकांतानं ओरडले.

"इंजिन बंद करा! मी काम खोटं केलंय!"

बेंजो थांबला. धक्क्यावर सगळं करंजा होतं, म्हणजे माझं सगळं गिऱ्हाईक.

"तीन नंबरची सीट ढिली आहे. मला माहीत होतं, तरी मी दिली. समुद्रात सुटणार ती. बोट सोडू नका!"

शैलेशनं डोक्याला हात लावला. झकेरियाभाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. कोणीतरी आईवरून शिवी घातली. मिथुन लाल झाला. "खोटा बोलते ती! ऐका ना इंजिन, कसा चाललाय!"

ठमाबाई पुढे आली. तिनं माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या कडीकडे बघितलं, आणि मग पोराच्या छातीकडे. बराच वेळ बघितलं.

"मिथुन," ती म्हणाली, "उतर."

"आये, ही बाई..."

"उतर म्हनतंय ना!"

७

तिसऱ्या दिवशी बाहेरचा मिस्त्री आणून हेड उघडलं. सीट अशी घट्ट बसलेली की मिस्त्री म्हणाला, असं काम मी बघितलं नाही. म्हणजे मी खोटारडी तर खोटारडी, वर वेडी. त्या आठवड्यात समुद्र ताटलीसारखा शांत होता. बाकीच्या बोटी भरून आल्या. कोणाला ओरखडासुद्धा आला नाही.

करंज्याची निम्मी इंजिनं दुसऱ्याकडे जायला लागली. मला वाईट वाटलं? खूप वाटलं. रात्री उशीत तोंड घालून रडले. शैलेश मात्र कधी नव्हे ते शहाण्यासारखा वागला, एक शब्द बोलला नाही. कडी झकेरियाभाईंनी त्यांच्या शिशाच्या भट्टीत टाकली आणि कुठल्याशा खाणीत नेऊन तो शिशाचा गोळा पुरला. कुठली खाण ते मी विचारलं नाही. आपण तिघंही मूर्ख आहोत, सगळ्याला काहीतरी साधं कारण असणार, असं मी रोज सकाळी स्वतःला सांगायची. दुपारपर्यंत ते पटायचंसुद्धा.

ठमाबाईनं मिथुनला पुन्हा बोटीवर पाठवलं नाही. लग्न होईस्तोवर समुद्रावर जायचं नाय, असा तिनं हुकूम काढला. बोट तिचा भाऊ काशिराम चालवायला लागला आणि मिथुन टेम्पोतून मासळी पोचवायला. पनवेलला आला की तो दुकानासमोर टेम्पो हळू करून मला शिव्या घालायचा. काय एकेक शिव्या! मी घासत घासत ऐकायची. गाडी पुढे गेली की मला बरं वाटायचं. शिव्या घालायला माणूस जागेवर असावा लागतो.

दिवाळीनंतर ठमाबाई स्वतः हळदीचं आमंत्रण द्यायला आली. चहा घेतला, उठली, आणि दारात थांबली.

"बाय नीते, साबन लावून लावून थकलू. रॉकेल पन लावला. नाय जात."

मी माझ्या निळ्या बोटांकडे बघितलं.

हळदीला आम्ही तिघं गेलो. खाडीला लागूनच अंगण, मांडव, बेंजो, दिवस मावळतीला आलेला. मिथुन पाटावर उघडा बसलेला, डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. बायका मूठ मूठ हळद चोळत होत्या. छातीवर मात्र हळद बसत नव्हती. सगळीकडे पिवळं, आणि मध्ये ते निळं कडं, ताजं. पोरं म्हणत होती, काय भारी टॅटू आहे.

त्यानं मला बघितलं आणि हसला. हळदीच्या दिवशी कोणाला राग राहतो? "या वयनी! लावा हलद! आता रागवत नाय तुमाला. परवा मी बोटीवर चाललू ना!"

मी हळद घेऊन वाकले. कडं आता अखंड नव्हतं. एका जागी तुटलं होतं. नखाएवढी फट, खाडीच्या बाजूला.

मी म्हटलं, नीते, इथे अंधार पडतोय. हळद आहे, घाम आहे. तेवढ्यात बेंजोनं चाल बदलली आणि पोरांनी मिथुनला पाटावरून उठवून नाचायला ओढलं. तो गरागरा फिरायला लागला. पाठ इकडे, तोंड तिकडे, पुन्हा पाठ. आणि त्याची छाती दिसली की दर वेळी कड्यातली फट वेगळ्या जागी असायची, आणि असायची ती पाण्याच्याच बाजूला.

मला नाचता येत नाही. माझे गुडघे वाजतात आणि माझं वजन शैलेशच्या दीडपट आहे. मी पदर खोचला आणि त्या पोरांत घुसले. मिथुन जिथे जाईल तिथे, त्याच्या आणि खाडीच्या मध्ये. तो डावीकडे गेला की मी डावीकडे, तो मागे सरकला की मी मागे. लोक टाळ्या पिटत होते. शैलेश ओरडत होता, "अगं, पडशील!" मिथुनला वाटलं वहिनी खुशीत आल्या, तो आणखी जोरात नाचायला लागला. मला दम लागला, छाती फुटायला आली. मी भीतीनं अर्धी झाले होते, पण थांबायचं कसं तेच मला कळत नव्हतं.

मग शेजारी कोणीतरी आलं. ठमाबाई होती. तिनं मिथुनच्या छातीकडे एकदा बघितलं. माझा हात धरला, आणि पाण्याकडे पाठ करून ती माझ्याबरोबर नाचायला लागली.